खाज एकाची, सल्ले जंक्शनभर

दौंड स्टेशनात पूर्वी इंजिन फिरवण्याचा एक सोहळा असायचा. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी इथे थांबायची, पुढचं इंजिन सुटायचं, मागच्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने निघायची. तेवढ्या वेळात निम्मी गाडी फलाटावर उतरून चहा प्यायची. या इंजिनबदलावर फलाटावरच्या कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या. आता बऱ्याच गाड्या कॉर्ड लाईनवरून दौंडात न शिरता बाहेरच्या बाहेर वळतात. प्रवाशांचा वेळ वाचला. कुत्र्यांची बिस्किटं किती घटली, ते मात्र रेल्वेने जाहीर केलेलं नाही. तेव्हापासून फलाटावरची जास्तीची मंडळी गावात शिरली आणि येताना लूत घेऊन आली, असा माझा सिद्धांत आहे. त्याला पुरावा काही नाही. पण लूत या विषयावर दौंडात पुरावा मागण्याची पद्धतच नाही.

अंगावर केस असतात तोवर आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला नाव असतं. टायगर, मोती, रॉकी, शेरू. हॉटेलवाला त्याला शिळी पोळी टाकतो, पोरं त्याच्याशी शेकहँड करतात. कानाच्या कडेला पहिली खपली धरली की नावाचा वापर कमी होतो. कोपरावरचे केस गेले की फक्त ‘हाड्’ उरतं. आणि पाठ उघडी पडून कातडी हत्तीसारखी सुरकुतली की सगळ्यांना एकदम आठवतं, हे कुत्रं आपल्या गल्लीतलं नव्हेच, वरच्या गल्लीतून आलंय. वरच्या गल्लीत विचारा. ते म्हणतील, कुरकुंभकडनं आलंय. कुरकुंभला कुणी विचारायला जात नाही म्हणून बरं.

मग सल्ले सुरू होतात. लूत दिसली आणि सल्ला दिला नाही, असा माणूस दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत शोधून काढावा लागेल. पहिला मान गॅरेजचा. “भाऊ, जळकं ऑइल लावा. ट्रॅक्टरचं असंल तर उत्तम.” ट्रॅक्टरचंच का, दुचाकीचं का नाही, यावर त्या मेस्त्रींचं ठाम मत आहे आणि ते ऐकायला संध्याकाळ मोकळी लागते. दुसरा सल्ला करंजाच्या तेलात गंधक. तिसरा रॉकेल, पण रॉकेल मिळेनासं झाल्यापासून हा उपाय मागे पडला, म्हणजे कुत्र्यांचं भलं झालं ते रेशन खात्याच्या हातून. चौथा फिनेल. पाचवा अंगारा. कुत्रं काळ्या रंगाचं असेल तर भैरवनाथाचा, दुसऱ्या रंगाचं असेल तर खंडोबाचा. सहावा उपाय सांगणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते म्हणतात, काही करू नका, आपोआप जाते. सगळ्यांत वेडगळ सल्ला यांचा, असं गल्लीचं मत आहे. गंमत अशी की शास्त्राच्या सगळ्यांत जवळ हेच बसतात. फक्त कधी, ते त्यांना ठाऊक नाही.

कारण लूत एक नाही. कुत्र्यांत तिचे दोन मोठे प्रकार आहेत आणि दोघांचा स्वभाव एकमेकांच्या उलट आहे.

पहिलीचा किडा सारकॉप्टिस. हा कोळी आणि गोचिडाच्या कुळातला, आठ पायांचा, अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि खणता खणता मागे अंडी टाकत जाते. काही दिवसांत अंडी फुटतात, दोन-तीन आठवड्यांत पिल्लं स्वतः बोगदे खणायला लागतात. खाज भयंकर. सुरुवात कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचं ढोपर आणि पोट इथून होते. आणि ही लूत भराभरा पसरते. एक कुत्रं दुसऱ्याला चिकटून झोपलं की झालं. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की बीड-नगरकडून टोळ्या येतात, बैलगाडीबरोबर त्यांची कुत्री येतात, थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ गावातली आणि बाहेरची कुत्री गोळा होऊन ऊब घेतात. माणसांत एवढा एकोपा दिसला असता तर कारखान्याची निवडणूक बिनविरोध झाली असती. किड्याला याहून सोयीची जागा कुठे मिळणार?

दुसरीचा किडा डेमोडेक्स. लांबट, विडीच्या थोटकासारखा, केसाच्या मुळाशी राहणारा. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईला चिकटून दूध पिताना तो पिल्लाकडे येतो आणि जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर जन्मभर गुपचूप राहतो. वाचकांनी गालाला हात लावू नये, पण त्याचे भाऊबंद माणसाच्या चेहऱ्यावरही राहतात. कुत्र्याची प्रतिकारशक्ती खचली की त्यांची संख्या वाढते आणि केस जातात. डोळ्याभोवती, तोंडाशी, पुढच्या पायावर. सुरुवातीला खाजही फारशी नसते. मुख्य म्हणजे ही लूत एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात नाही.

आता गल्लीचा न्याय बघा. डेमोडेक्सचं पिल्लू, ज्याच्यापासून कुणाला काडीचा धोका नाही, ते चेहऱ्यावरून विद्रूप दिसतं म्हणून पोत्यात घालून भीमेपलीकडे सोडायची तयारी होते. आणि सारकॉप्टिसचं कुत्रं, ज्याची अजून फक्त कानाची कडच गेली आहे, ते सोफ्यावर बसून क्रिकेटची मॅच बघत असतं.

आणि इथेच जळक्या ऑइलची कीर्ती कशी झाली ते कळतं. लहान वयाच्या कुत्र्याला डेमोडेक्सचे दोन-चार ठिपके पडले, तर त्यांतली दहापैकी नऊ कुत्री महिन्या-दोन महिन्यांत आपली आपण बरी होतात. पिल्लू मोठं होतं, प्रतिकारशक्ती ताळ्यावर येते, केस परत येतात. या दोन महिन्यांत तुम्ही काहीही लावलंत तरी गुण येणारच. ऑइल लावा, हळद लावा, गुलाल लावा. बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतोय, तसं हे ऑइल. ज्या कुत्र्याला सारकॉप्टिस होती आणि जे ऑइल चाटून चाटून यकृत बिघडून मेलं, ते साक्ष द्यायला गॅरेजवर येत नाही. त्यामुळे मेस्त्रींकडे जमलेले सगळे पुरावे ऑइलच्याच बाजूचे आहेत. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतले धातू आणि जळकी रसायनं असतात, ती कातडीतूनही आत जातात, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “म्हणूनच तर किडा मरतो.”

मला मेस्त्रींचा राग येत नाही. खरजेच्या किड्याबाबत मोठमोठ्यांनी याहून मोठे घोळ घातले आहेत. १६८७ साली इटलीत लिव्होर्नोच्या जोव्हान कोसिमो बोनोमो या डॉक्टरने चेस्तोनी नावाच्या औषधविक्याच्या साथीने सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहिला आणि माणसाच्या खरजेचं कारण हाच, असं फ्रान्चेस्को रेदी या विद्वानाला पत्रातून कळवलं. आयाबाया टाचणीने पोरांच्या हातातून काहीतरी टोकरून काढतात, हे बघून त्यांना सुचलं होतं. रोममधल्या पोपच्या वैद्याने त्यांना दटावलं: खरूज शरीरातल्या दोषांनी होते. बोनोमो गप्प बसला. पुढे १८१२ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या गालेस नावाच्या औषधनिर्मात्याने आपल्याला किडा सापडल्याचं जाहीर केलं, प्रबंध लिहिला, वाहवा मिळवली. पण चित्र होतं चीजमधल्या किड्याचं. ते भांडं १८२९ मध्ये फुटलं. शेवटी १८३४ साली कॉर्सिका बेटावरून आलेल्या रेनुची या विद्यार्थ्याने त्याच रुग्णालयात सुईने खरा किडा काढून दाखवला. शिकला कुठे? गावाकडच्या बायकांकडे. म्हणजे गावठी सल्ल्यातही एखादा खरा निघतो, एवढं कबूल केलं पाहिजे. फक्त तो सुईचा होता, ऑइलचा नव्हता.

तपासणीची पद्धत अजून बरीचशी तीच आहे. पशुवैद्य पात्यावर तेलाचा थेंब घेऊन कातडी खरवडतात आणि ते खरवडलेलं काचेवर घेऊन बघतात. डेमोडेक्स असेल तर बहुधा दिसतोच. सारकॉप्टिस लबाड. अंगावर असूनही पुष्कळदा काचेवर येत नाही. म्हणून लक्षणं पटली तर डॉक्टर तो आहेच असं धरून औषध देतात. त्याआधी एक साधी परीक्षा करतात. कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळायची. त्याच बाजूचा मागचा पाय हवेत खाजवायला लागला, तर संशय पक्का. ही माहिती मी गल्लीतल्या पोरांसमोर बोललो आणि दुसऱ्या दिवसापासून दौंडात कान चोळण्याची शिबिरं भरली. एरवी सगळ्यांवर गुरगुरणारं मटणाच्या दुकानापुढचं कुत्रंसुद्धा डोळे मिटून पाय हलवत होतं, असा अहवाल आला. शेवटी पोरांच्या आयांना सांगून ते बंद करवलं. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा तर तोंड बांधल्याशिवाय नाही, आणि दात लागलाच तर आधी साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग थेट सरकारी दवाखान्यात रेबीजची लस. यात मात्र चेष्टा नाही, आणि त्या जखमेवर कुणाचाही सल्ला लावायचा नाही, मिरची पूडसुद्धा नाही.

औषधाकडे येऊ. हल्ली चघळायच्या गोळ्या आल्या आहेत. आयसोक्साझोलिन या घराण्यातल्या, वजनाप्रमाणे द्यायच्या; काही महिनाभर पुरतात, काही तीन महिने. गोचीड, पिसवा आणि लूत या तिन्हींवर चालतात. झटके येणाऱ्या कुत्र्याला देताना तेवढं डॉक्टरांना विचारावं लागतं. पण तालुक्याच्या ठिकाणी जुना जाणता गडी म्हणजे आयव्हरमेक्टिन. याची जन्मकथा ऐकण्यासारखी. सातोशी ओमुरा या जपानी शास्त्रज्ञाने कावाना इथल्या गोल्फच्या मैदानाजवळची माती उचलली, तिच्यातले जंतू वाढवले आणि अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यांतून औषधापर्यंतची वाट काढली. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आमच्या भीमेची वाळू लोकांनी रात्रंदिवस एवढी उपसली, पण त्यांतल्या एकालाही चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली धरावीशी वाटली नाही. एक नोबेल ट्रकात भरून गेलं.

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना कोरोनासाठी हेच औषध द्यायचं जाहीर केलं. तेव्हा इथले दूधवाले हसले होते. त्यांच्या गोठ्यातल्या फळीवर ती बाटली कधीपासून होती.

घोळ त्या फळीवरच आहे. बाटली गाईची असते. गाईला पन्नास किलो वजनामागे एक मिली. म्हणजे त्याच हिशेबाने दहा किलोच्या कुत्र्याला एका मिलीचा पाचवा भाग. आणि आमच्या पट्ट्यात मापाचं एकक आहे टोपण. उसावर टोपण, कांद्यावर टोपण, डाळिंबावर दीड टोपण. कृषी सेवा केंद्रातला हा संवाद कानाने ऐकलेला आहे:

“लुतंचं औषध द्या.”

“जनावर किती?”

“येक.”

“गाय का म्हैस?”

“कुत्रं.”

“मग आर्धं टोपण.”

अर्ध्या टोपणात कुत्रं आंधळं होऊन भिंतीवर आपटायला लागतं, लाळ गाळतं, लटपटतं, बेशुद्ध पडतं. कोली जातीच्या कुत्र्यांत तर जनुकातच फट असते. मेंदूपाशी जो पहारा औषध अडवतो तोच त्यांच्यात ढिला, त्यामुळे लुतेच्या नेहमीच्या मापानेही ती जायबंदी होऊ शकतात. आमच्याकडे शुद्ध कोली कोण आणणार म्हणा. पण पुण्याहून फार्महाऊसवर येणाऱ्यांची कुत्री आणि इथली कुत्री यांचे संबंध सलोख्याचे आहेत, त्यामुळे कुणाच्या वंशात काय आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

औषध बरोबर मिळालं, माप बरोबर झालं, तरी एक भानगड उरते. आयव्हरमेक्टिन अंड्यांना मारत नाही. अंडी फुटून नवे किडे आले की पुन्हा द्यावं लागतं, साधारण दोन आठवड्यांनी. ‘पंधरा दिवसांनी पुन्हा’ या सूचनेचं आमच्या भागात काय होतं, हे ज्याने कर्ज दिलंय त्याला विचारा. पाळलेल्या कुत्र्याचं कसंबसं जमतं. गल्लीतल्या कुत्र्याचं दुसऱ्या डोसाला बारसं होतं. म्हणजे ते पहिल्याच डोसानंतर पळालेलं असतं आणि सापडेल त्या पिवळ्या कुत्र्याला टायगर समजून औषध दिलं जातं. याच्या उलटही होतं. गोळी पेढ्यातून द्यायची हे कळल्यावर एका सकाळी हॉटेलवाले अण्णा, झेरॉक्सवाल्या ताई आणि मास्तर या तिघांनी एकमेकांना न सांगता एकाच कुत्र्याला तीन पेढे खिलवले. नशिबाने ताईंचा पेढा त्याने चाटून गोळी थुंकली होती आणि मास्तरांच्या पेढ्यात गोळी घालायचीच राहिली होती. तेव्हापासून आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानात एक वही आहे. कोणत्या तारखेला, कोणत्या कुत्र्याला, कुणी. औषधाहून या वहीने जास्त गुण दिला असं माझं मत आहे. पुढे तिच्यात उधारीही लिहायला लागले, ते वेगळं.

संत नामदेवांची गोष्ट घरोघरी सांगतात: कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. भाविक लोक ही गोष्ट भक्तीसाठी सांगतात. वाटीत औषध घेऊन एकदा तरी धावलेल्या माणसाला तिच्यातलं धावणं जास्त कळतं.

वरवंडकडच्या एका बागाईतदारांनी मात्र मला निरुत्तर केलं. त्यांचं कुत्रं रात्रभर खाजवत होतं. मी म्हटलं, दाजी, डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले, “कशाला? उसात बिबट्या आहे. निरोगी कुत्रं झोपतं. हे खाजवतंय म्हणून जागं आहे.” दुसऱ्या आठवड्यात दाजींच्या पोटावर आणि दंडावर पुरळ आलं आणि तेही रात्रभर जागे राहू लागले. पहारा दुप्पट झाला. कुत्र्याचा सारकॉप्टिस माणसाच्या कातडीत शिरतो, चावतो, खाज आणतो. पण त्याचं घरटं तिथे बसत नाही, त्यामुळे कुत्रं बरं झालं की माणसाची खाजही थोड्या दिवसांत ओसरते. दाजींनी आधी स्वतःला तीन मलमं लावली, मग गादी उन्हात टाकली, मग सासुरवाडीवर संशय घेतला. कुत्र्याला इंजेक्शन सगळ्यांत शेवटी दिलं आणि दोघंही एकदमच झोपी गेले. आता बिबट्याचं काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

मांजराचं प्रकरण वेगळं. मांजर चाटतं. त्याच्या अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू पोटात जाते, म्हणून फिनेल, रॉकेल, ऑइल हे मांजरावर उपचार नव्हेत, विषप्रयोग आहेत. गुरांच्या गोचिडांवरची पायरेथ्रॉइडची औषधं कुत्रं एक वेळ पचवेल. मांजराचं यकृत त्यांना फोडू शकत नाही, झटके येऊन मांजर मरतं. मांजराच्या लुतेचा किडाही निराळा, नोटोएड्रिस. कानापासून सुरू होऊन डोकं-मानेवर जाड करड्या खपल्या धरतो. आणि नुसते कानच खाजत असतील, आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल, तर तो कानातला किडा, ओटोडेक्टिस. मानेवर मागच्या बाजूला, जिथे जीभ पोचत नाही तिथे, थेंब सोडायचं औषध मिळतं, आणि ते सोपं आहे. मांजर धरणं सोपं नाही.

समोरच्या काकूंनी आपल्या मांजरीला बाजाराच्या पिशवीत घातलं, चेन मुंडक्यापर्यंत ओढली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. पुढे तीन गाई, एक रेडकू आणि पाय मुडपलेली शेळी, असा नंबर होता. डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, “मावशी, कानातला किडा एकमेकांना लागतो. घरातल्या सगळ्या मांजरांना एकदमच औषध करा, नाहीतर उपयोग नाही.”

“घरात हीच एक. पण शेजारणीचा बोका येतो रोज.”

“मग त्यालापण.”

काकू आणि शेजारीण यांच्यात नळाच्या पाण्यावरून बोलणं बंद आहे. तरी विज्ञान अडलं नाही. काकूंनी दोन दुपारी सुकट टाकून बोक्याला ओट्यावर बोलावलं, मानेवर थेंब सोडला, पुन्हा वेळेवर दुसरा सोडला, दरम्यान कापसाने कानही पुसले, आणि शब्द न बोलता त्याला भिंतीवरून परत पाठवलं. महिन्याभरात बोका डोकं झटकायचा थांबला. परवा शेजारीण दारात उभी राहून भाजीवालीला सांगत होती, काकूंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “कान कसे निर्मळ झाले बघा याचे. गुरुवारचा अंगारा लावते मी. काही लोकांच्या मांजरांना दवाखाने लागतात.”